लोकसंगीत आणि इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत): सध्या नवीन काय ऐकताय? (नुसती लिंक टाकू नये)

काळी_पाच

जुन्या धाग्यात शेवटी लिंकांचा नुसता ढीग झाला होता. कोणी काय टाकलंय, का टाकलंय, काही पत्ता लागत नव्हता. म्हणून हा नवा धागा. नियम दोनच. पहिला, कुठल्या गाण्यापासून सुरुवात करायची आणि त्यात कशाकडे कान द्यायचा ते लिहा. दुसरा, लोकसंगीत असेल तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं लिहा. गिटारवाल्याचं नाव ठळक आणि कमायचा (गजाने वाजवायचं राजस्थानी तंतुवाद्य) वाजवणारा 'स्थानिक कलाकार', हे वाचून वाचून वीट आलाय. 'राजस्थानी फ्यूजन, मस्त आहे' एवढ्यावर मी तरी काही ऐकणार नाही.

सुरुवात माझ्यापासून. एमदू मोक्तार, नायजरमधला, सहारातल्या तुआरेग जमातीचा गिटारवाला. डावखुरा. पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली होती, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावून. २०२४ मध्ये 'फ्युनरल फॉर जस्टिस' आला: प्रचंड आवाजी, चिडलेला, फ्रान्सला थेट जाब विचारणारा अल्बम. खरी मजा पुढे आहे. जुलै २०२३ मध्ये हा बँड दौऱ्यावर असताना नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मंडळी अमेरिकेतच अडकली. मग ब्रुकलिनमध्ये बसून त्यांनी तीच गाणी विजेच्या गिटारीशिवाय पुन्हा वाजवली. तो अल्बम २०२५ मध्ये 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' या नावाने आला.

'इमूहार' हे गाणं दोन्हीकडे आहे. आधी नवं ऐका, मग जुनं. गाणं तुआरेगांची तमाशेक भाषा टिकवण्याबद्दल आहे. आवाजी रूपात गिटार इतकी धावते की आपण तिच्यामागेच पळत सुटतो. साध्या रूपात टाळ्या आणि घोळक्याने म्हटलेले शब्द वर येतात, आणि ही मुळात चार माणसांनी बसून म्हणायची गोष्ट आहे हे कळतं. अहमदू मदासान दुसरी गिटार वाजवतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो जागचा हलत नाही म्हणून एमदू उडू शकतो.

लिफीकाठ

वा, धागा हवाच होता. डब्लिनहून हजेरी.

इथल्या लॅंकम या लोकसंगीताच्या बँडबद्दल लिहिते. 'फॉल्स लॅंकम' २०२३ चा, म्हणजे अगदी ताजा नाही, पण इथे कोणी त्याचं नाव काढलेलं दिसत नाही. पहिलंच गाणं 'गो डिग माय ग्रेव्ह'. पारंपरिक गाणं, प्रेमभंग झालेल्या मुलीचं. रेडी पीट सुरुवातीला जवळजवळ एकटी गाते, काहीही सजावट न करता. नाकातून येणारा, थोडा चिरका आवाज आहे, पहिल्यांदा टोचतो. अर्ध्यानंतर खालून एक सूर वाढायला लागतो आणि वाढतच जातो. शेवटी एकच ठोका पुन्हा पुन्हा पडत राहतो आणि सगळी वाद्यं मिळून रडायला लागल्यासारखी वाटतात. जवळपास नऊ मिनिटं.

आपल्या कानांना हे जड जाऊ नये असं मला वाटतं. एक सूर धरून त्यावर गाणं उभं करणं आपल्याला तुणतुण्यापासून ठाऊक आहे. आणि हो, त्यांच्याकडे पेटीसुद्धा आहे.

ही माणसं पबमधल्या सेशनांतून आलेली आहेत. स्मिथफील्डमधला कॉबलस्टोन हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. २०२१ मध्ये त्या जागेवर हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक शवपेटी खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरले होते. महापालिकेने परवानगी नाकारली. सेशनमध्ये माइक नसतो, मंच नसतो, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक बसतात आणि आपण आपला ग्लास घेऊन गप्प उभं राहायचं.

दुसरं नाव जॉन फ्रान्सिस फ्लिन. 'लुक ओव्हर द वॉल, सी द स्काय', तोही २०२३ चाच. हा बाबा दोन टिन व्हिसल (पत्र्याच्या छोट्या बासऱ्या) एकत्र चिकटवून एकाच वेळी वाजवतो. 'मोल इन द ग्राउंड'पासून सुरुवात करा.

घाटरस्ता

नऊ मिनिटं कबर खोदायची? मी ऑफिसला जाताना ऐकतो हो. 😀

लिफीकाठ

@घाटरस्ता, तुमचा चांदणी चौकातला सिग्नल त्याहून मोठा असेल.

गोदाकाठ

परभणीकडून लिहितोय. काळी_पाच, तुमचा नावांचा नियम पटला. पण एक विचारतो. 'नवीन' म्हणजे नुसता यंदा निघालेला अल्बम का? कारण मला सुचवायचंय ते सगळं जुनं ध्वनिमुद्रण आहे आणि माझ्यासाठी ते नवीनच आहे.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखभर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या थोड्या थोड्या करून लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. मराठी मजकूर, भाषांतर, गाणारीचं नाव, गाव, आणि जमेल तिथे फोटो. तुमचा दुसरा नियम यांनी आधीच पाळलाय बघा.

सुरुवात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्यांपासून करा. बाबासाहेबांवरच्या आहेत. ज्या चालीत आधी भाऊ, माहेर आणि पंढरीचा विठ्ठल येतो, त्याच चालीत भीमराव येतो. चाल बदलत नाही, घास घालायचा हात बदलत नाही, आणि विषय पार बदलून जातो. ऐकताना मधल्या थांबण्याकडे कान द्या. ओवीची पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते तेव्हा ती बाई पुढची ओळ मनात जुळवत असते.

विलंबित

मजकूर म्हणून ओव्यांचं मोल मोठंच आहे. पण ही संगीताची शिफारस झाली का? हा दस्तऐवज आहे. चार ओव्या ऐकल्या की चाल तीच. अल्बम म्हणून मी ते तासभर ऐकेन असं वाटत नाही. तेच लॅंकमबद्दल. एक सूर नऊ मिनिटं धरून ठेवणं म्हणजे खोली, असं समीकरण मला मान्य नाही. आमच्याकडे तानपुरा असतो, पण तानपुऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

गोदाकाठ

विलंबितराव, तासभर ऐका असं कोण म्हणतंय? ओवी म्हणणारी बाई तरी कुठे ऐकणाऱ्यासाठी गात होती? दळण संपलं की गाणं संपलं. अल्बमच्या मापाने मोजलं तर ती कमीच भरणार. पण त्याच मापाने आलाप मोजायला बसला असतात तर तुमचंही फावलं नसतं.

फिल्टरकॉफी

दोघांनाही थोडा थोडा पाठिंबा देऊन पुढे जाते. बेंगळुरूहून.

'ध्वनिमुद्रण चांगलं हवं आणि नावंही हवीत' या दोन्ही अटींत बसणारं म्हणजे दिल्लीची अमररस रेकॉर्ड्स. छोटं लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रणं काढणारी कंपनी आहे. 'अ‍ॅट होम' म्हणून त्यांची मालिका आहे, कलावंताच्या घरी जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं. साकर खान यांचा कमायचा (ते २०१३ मध्ये गेले) आणि लाखा खान यांची सिंधी सारंगी. मांगणियार आणि लंगा या राजस्थानातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दोन जमाती. लाखा खान मांगणियार, आणि सिंधी सारंगी हे प्रामुख्याने लंगांचं वाद्य. वीसहून जास्त तारा, त्यातल्या बहुतेक नुसत्या झंकारायला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चांगले हेडफोन असतील तर काढा. गज तारेवरून उलटा फिरतो तिथली खरखर ऐकू येते. स्टुडिओवाले नेमकी तीच पुसून टाकतात. मग उरतं ते गुळगुळीत 'राजस्थान', हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते.

नव्या पिढीत 'साझ'. सादिक, असीन आणि झाकिर, तिघेही लंगा. ढोलक, सारंगी, खरताल. ड्रमसेट नाही, कीबोर्ड नाही, आणि तरीही तरुण बँडची रग आहे. असीन सारंगी वाजवता वाजवता गातो. खरतालच्या चिपळ्यांमध्ये इतकी गती मावते हे मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटलं.

ज्यांना लोकसंगीत-बिगीत नको, नुसतं घट्ट गाणं हवंय त्यांच्यासाठी परवाज. आमच्याच गावातला बँड, काश्मिरी आणि उर्दूत गातो. २०१९ चा 'कुन' ऐकाच. लोक त्यांना फार शांत समजतात, मग मैफिलीत येऊन दचकतात.

काळी_पाच

@गोदाकाठ, जुनं चालेल. जे तुमच्या कानाला नवीन ते नवीन.

@फिल्टरकॉफी, फ्यूजनला माझा सरसकट विरोध नाही. २०१५ चा 'जुनून' आठवा. मेहरानगड किल्ल्यात मुद्रित केलेला. संगीतकार शाय बेन त्झूर, जॉनी ग्रीनवुड आणि 'द राजस्थान एक्स्प्रेस' हा वादकांचा ताफा, तिन्ही नावं मुखपृष्ठावर. ग्रीनवुड म्हणजे रेडिओहेडचा गिटारवाला, त्याच्या नावावर दहापट खपलं असतं. पण तो मागे बसलाय, आणि पुढे आमिर भियाणी यांचा ट्रम्पेट आणि नथूलाल सोलंकी यांचा नगारा आहे. लग्नाच्या वरातीतला बँड असतो ना, तो नशेत नव्हे, पूर्ण शुद्धीत वाजवायला लागला तर कसा वाजेल, तसं काहीसं.

सातवी_लोकल

मंडळी, सगळं ठीक, पण इथे अजून कोणी रॅपचं नाव काढलं नाही. लोकसंगीत म्हणजे फक्त पन्नाशीच्या पुढच्यांचं का?

स्वदेसी, मुंबई. २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट'. आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात, पाहुणे म्हणून त्यांचं नाव गाण्याच्या शीर्षकातच आहे. आरेची झाडं तोडून मेट्रोची कारशेड होणार होती, त्याच वर्षातलं गाणं. भोईरांचा आवाज सुरुवातीला येतो तेव्हा वाटतं, हा नमुन्यापुरता घेतलाय, आता पोरं रॅप करणार आणि संपलं. तसं होत नाही. तो आवाज परत येतो आणि रॅपच त्याच्या चालीने चालायला लागतं. त्यानंतर २०२० चा 'चेतावनी' अल्बम घ्या. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, सगळं एकात. त्यातला एमसी तोडफोड, गुजरातीत रॅप करणारा, २०२२ मध्ये गेला. फार लवकर गेला.

आणि रॅपर माही जी. महादेव कोळी समाजातली मुलगी, 'जंगलचा राजा' म्हणून तिचं गाणं आहे. मराठीत आदिवासींबद्दल शहरी लोकांनी लिहिलेली गाणी कमी नाहीत. हे तिचं स्वतःचं आहे, आणि फरक पहिल्या कडव्यात कळतो.

विलंबित

वारली रिव्होल्ट ऐकलं. चांगलं आहे. मागे घुमणारं ते वाद्य तारपा असेल तर ते आणखी पुढे आणायला हवं होतं. दुधीभोपळा, बांबू आणि ताडाची पानं यातून इतका रुंद आवाज येतो, आणि कोणीही तो मागे ढकलतं.

सातवी_लोकल

विलंबित काकांनी रॅप ऐकलं!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पायवाट

ईशान्येकडचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

गुरु रेवबेन मशांगवा, मणिपूरच्या उखरुलचे, तांगखुल नागा. लोक त्यांना 'नागा ब्लूजचा राजा' वगैरे म्हणतात. त्यांचं खरं काम वेगळंच आहे. तांगखुलांची जुनी गाणी गाणं मिशनऱ्यांच्या काळापासून मागे पडलं होतं. ते गावोगाव फिरले, म्हाताऱ्यांकडून चाली घेतल्या, आणि 'टिंगटैला' हे तंतुवाद्य नव्या सुरांशी जुळेल असं बेतून घेतलं. २०२१ च्या पद्मश्रींत तेही होते. मुलगा साका लहान असल्यापासून त्यांच्याबरोबर मंचावर असायचा. हार्मोनिका आणि गिटार आहेच, पण मधूनच हाकारे येतात, डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला घातलेले, तिथे थांबा.

टेत्सेओ सिस्टर्स. नागालँडच्या सख्ख्या बहिणी, चोक्री भाषेतली 'ली', म्हणजे लोकगीतं, गातात. वाद्य जवळजवळ नाहीच. आवाजांची उतरंड ऐकायची.

हलकं काही हवं असेल तर ताबा चाके. अरुणाचलचा न्यिशी मुलगा, मुंबईत राहतो. २०१९ चा 'बॉम्बे ड्रीम्स'. न्यिशी, नेफामीज (तिकडची असमियाशी जवळची बोली), हिंदी, इंग्रजी, सगळ्यात गातो. बोटांनी गिटार इतकी हळू छेडतो की घाटरस्ता यांच्या गाडीच्या आवाजात ऐकू येणार नाही.

अरुणाचलमधल्या झिरोचा संगीत महोत्सव (२०१२ पासून, आपातानी जमातीच्या खोऱ्यात, भातशेतीच्या मधोमध बांबूचे मंच) जमला तर एकदा कराच. पण पाऊस, चिखल आणि लांबचा प्रवास मनात धरून जा. समाजमाध्यमांवरचे फोटो पाहून गेलेले लोक दुसऱ्या दिवशी चिडलेले असतात.

घाटरस्ता

ताबा चाके लावला. बायकोने पहिल्यांदाच माझी प्लेलिस्ट बंद करायला सांगितली नाही.

एक व्यवहाराचा प्रश्न. हे सगळं मी नेहमीच्या अ‍ॅपवर ऐकतोय. यातले पैसे या लोकांना मिळतात का?

काळी_पाच

फार थोडे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की बारा महिन्यांत हजारदा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. मोठ्या गायकाला तो आकडा सकाळच्या चहाआधी ओलांडता येतो. चोक्रीत गाणाऱ्याला हजार म्हणजे बरंच झालं.

बँडकॅम्पवर (कलावंत आणि लेबलं थेट गाणी विकतात ती साइट) असेल तर तिथून विकत घ्या. डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ते ठेवतात (मोठी विक्री झाली की दहा), कॅसेट-रेकॉर्डवर दहा. पैसे देण्याघेण्याचा खर्च वेगळा, पण उरलेलं कलावंताकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातं. मार्च २०२० मध्ये त्यांनी 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू केला, त्या शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात. कंपनी मधल्या काळात दोनदा विकली गेली, २०२३ मध्ये निम्म्याच्या आसपास लोक काढले गेले, तरी हे चालू राहिलं. आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, नाहीतर पैसे जात नाहीत आणि बँकेचा मेसेज तेवढा येतो.

फिल्टरकॉफी

भर: लेबलकडे गेलेले पैसे गायकाकडे पोचतातच असं नाही. म्हणून लोकगायकांच्या बाबतीत हक्क कोणाकडे आहेत ते पाहते. अनाहद फाउंडेशन हा त्यातला चांगला प्रयोग. पाठीवरच्या बॅगेत मावेल असा स्टुडिओ घेऊन गावात जातात, तिथेच मुद्रण करतात आणि हक्क कलावंताकडे ठेवतात.

गोदाकाठ

आता मुद्द्यावर येऊ. मराठीचं काय?

राजस्थानच्या सारंगीतली खरखर ऐकायला मिळते, डब्लिनच्या पबमधली ऐकायला मिळते. आमच्या संबळाची का नाही? यूट्यूबवर गोंधळ शोधला की काय मिळतं? एको इतका की शब्द दोनदा ऐकू येतो, संबळाच्या जागी ऑक्टोपॅड, तुणतुणं तर व्हिडिओत दिसतं पण ऐकू येत नाही. गोंधळी उत्तम आहे, गळा उत्तम आहे, वाट लावलीय ती मुद्रणाने.

त्यातल्या त्यात सांगतो. कडूबाई खरात, औरंगाबादच्या. एकतारी आणि गळा. बाबासाहेबांची गाणी. मोबाइलवर कोणीतरी काढलेले साधे व्हिडिओ बघा, नंतर स्टुडिओत बसवून केलेले बघा. मला साधेच आवडतात. एकतारीचा ठेका किंचित मागेपुढे होतो, तो शब्दाच्या वजनाने होतो. स्टुडिओत क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर गायला लावलं की तेच जातं.

लिफीकाठ

अभंग रिपोस्टबद्दल काय मत? मुंबईची मुलं, अभंगाचे शब्द तसेच ठेवून गिटार-बासवर गातात. इथल्या मराठी मंडळात त्यांचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. मला गिटार आवडते, पण कधीकधी सगळं फार आनंदी होऊन बसतं. तुकोबांचा राग कुठे गेला?

सातवी_लोकल

मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. माझ्या वयाची पोरं अख्खे अभंग पाठ म्हणत होती, कॉलेजच्या मैदानात. रागाचं नंतर बघू.

गोदाकाठ

हे मान्य. आणि खरं सांगू? आमच्याकडची इंडी म्हणजे बेंजो पार्टी. लेबल नाही, मॅनेजर नाही, वर्गणी काढून वाद्यं आणलेली, मिरवणुकीत रात्रभर वाजवतात आणि सकाळी कामाला जातात. त्यांचं कोणी नीट मुद्रण करून अल्बम काढला तर पहिली प्रत माझी.

काळी_पाच

दुसरी माझी.

विलंबितरावांसाठी एक खास ठेवलंय. गायिका अरूज आफताब, 'नाइट रेन', २०२४. त्यातलं 'ना गुल'. शब्द माह लका बाई चंदा यांचे. अठराव्या शतकातली हैदराबादची शायरा, निजामाच्या दरबारातली, उर्दूत स्वतःचा दिवाण (कवितासंग्रह) असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. म्हणजे दख्खनचंच घराणं म्हणा. अरूज ते न्यूयॉर्कमध्ये बसून गाते, ठुमरी-गझलेचं वळण आहे पण हरकती जवळजवळ नाहीत. २०२१ च्या 'व्हल्चर प्रिन्स'मधल्या 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं, पण मला हा अल्बम जास्त आवडला. अंधार असला तरी मधेच मिश्कीलपणा आहे.

विलंबित

ऐकलं. दोनदा. हरकती नाहीत म्हणता, पण स्वर सोडायची जागा नेमकी आहे. कोणाकडे तरी बसून शिकलेली दिसते. वाद्यं फार विरळ ठेवलीत, त्याचं कौतुक आहे. शब्दोच्चार मात्र काही ठिकाणी गिळलेत, दरबारात चाललं नसतं.

लॅंकमचं ते कबरीचंही पुन्हा लावलं. शेवटची दोन मिनिटं मला अजून अनावश्यक वाटतात. त्या बाईचं एकटीचं गाणं एवढंच वेगळं कुठे मिळेल का?

लिफीकाठ

मिळेल. रेडी पीटच्या दुसऱ्या बँडचं, ऑक्सनचं 'सायर्म' घ्या, २०२३. फक्त सांगून ठेवते, तेही काही फार लहान नाही.